पावतीवरचं पहिलं नाव

कनेरगाव नाक्यावर उतरून तुम्ही कोणालाही विचारा, जिवनबाई राठोड कुठं राहते. पानवाला डोकं खाजवील, जीपवाला दुसऱ्या जीपवाल्याला विचारील, आणि शेवटी सगळे मिळून तुम्हाला वाशीमच्या गाडीत बसवून देतील. तेच विचारा, वसराम नाईकाची बायको कुठं राहते, की चार हात एकाच दिशेला उठतील: रस्ता ओलांडा, हातपंपाच्या पुढं तांडा लागतो, त्यातलं पहिलं घर. त्या घराचं सगळं पहिलंच असतं, आणि मी सांगतोय ती भानगडही त्यातूनच झाली.

माझं नाक्यावर कटलरीचं दुकान आहे. दोरे, कवड्या, घुंगरं, आणि तांड्यातल्या बाया कपड्यांवर टाकतात ते बारीक आरसे. जिवनबाई माझं जुनं गिऱ्हाईक. आरसा हातात घेतला की ती त्यात स्वतःचं तोंड बघत नाही, पाठीमागून कोण येतंय ते बघते. अशा बाईला मी काय फसवणार? तरी दर खेपेला प्रयत्न करतो, आणि दर खेपेला ती दोन आरसे फुकट घेऊन जाते.

तिचा नवरा वसराम तांड्याचा नाईक. बाप नाईक, आजा नाईक. होळीला लेंगीची गाणी गाणारी टोळी आधी त्याच्या दारात येते. पंगतीत पहिलं पान त्याचं, भांडण मिटवायला माणसं बसली की पहिला शब्द त्याचा. ही तांड्याची रीत आहे, तिला मी हसत नाही. मी हसतो ते वसरामनं ती रीत कुठं कुठं नेऊन ठेवली त्याला. विजेच्या मीटरवर त्याचं नाव, पोराच्या मोटारसायकलवर त्याचं नाव, शाळेला दिलेल्या पंख्याच्या पात्यावरसुद्धा त्याचं नाव. पंखा सुरू झाला की ते वाचता येत नाही, म्हणून वसराम शाळेत गेला की आधी पंखा बंद करायला लावतो. थोरली सून बाळंत व्हायला आली तेव्हा दवाखान्यात नर्सनं पेशंटचं नाव विचारलं. यानं छाती पुढं काढून सांगितलं, वसराम नाईक. वय विचारलं, तर तेही स्वतःचंच सांगितलं. हा माणूस मनानं वाईट नाही. फक्त त्याला कुठल्याही ओळीत दुसरं उभं राहता येत नाही.

जिवनबाई लग्न होऊन आली तेव्हा या घराकडं रस्त्याकडेचा एक तुकडा होता, तिन्ही बाजूंनी गोट्यांचा. नाईक लोकांची भांडणं मिटवत फिरायचा आणि ही गोटे वेचायची. पाठीवर लेकरू, डोक्यावर टोपलं. त्या गोट्यांचा तिनं कमरेएवढा बांध घातला, आणि त्या तुकड्यात आधी ज्वारी, मग सोयाबीन, मग हळद आली. सातबाऱ्यावर अर्थात वसराम. पुढं रस्ता रुंद व्हायला निघाला तेव्हा तो तुकडा बराबर त्याच्यात गेला. ठेकेदारानं बांधाचे गोटे उचलून रस्त्याच्या पोटातच दाबले. जिवनबाई मला एकदा म्हणाली, "माह्या गोट्यावरून आता ट्रक जातेत, आन एकबी धन्यवाद म्हनत न्हाई."

मोबदल्याचे वीस लाख आले. घरात एवढे पैसे एकदम यायची ही पहिली वेळ, म्हणजे वसरामच्या आवडीचीच. त्यानं ते हिंगोलीच्या एका सहकारी बँकेत ठेवले. बँकेचं खरं नाव मी सांगणार नाही. आमच्याकडं तिला 'आरशाची बँक' म्हणतात. तिच्या दारात कुण्या सभासदानं भेट दिलेला माणसापेक्षा उंच आरसा आहे, आणि आत जाणारा प्रत्येक जण आधी टोपी नीट करतो. तिथले मॅनेजर व्यंकटराव मोठे गोड माणूस. नाईक दारात दिसला की उठून खुर्ची ओढायचे, शिपायाला म्हणायचे, "नाईकसाहेब आले, चहा सांग." त्या एका खुर्चीसाठी वसरामनं वीस लाख तिथं नेले, असं मी म्हटलं तर तो रागावतो. खोटं आहे असं मात्र अजून म्हणाला नाही.

बरं, वसराम अडाणी नव्हता. बँक बुडाली तर पाच लाखांपर्यंत विमा असतो, त्याचा हप्ता बँक भरते, आपल्याला छदाम लागत नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं. म्हणून त्यानं मोठी अक्कल लढवली. वीस लाखांची एक पावती करण्याऐवजी पाच-पाचाच्या चार पावत्या केल्या. त्यातल्याही दोन हिंगोलीच्या शाखेत आणि दोन सेनगावच्या. चारही पावत्यांवर पहिलं नाव वसराम, दुसरं थोरला मुलगा प्रेमदास. नाईकाच्या मागं नाईकाचा थोरला, रीतीप्रमाणं. व्यंकटराव तेव्हा काहीतरी सांगायला गेले होते म्हणे, पण नाईक बोलत असताना मधे बोलायची सोय नसते. माझ्या बाकड्यावर बसून वसरामनं ही युक्ती सगळ्या नाक्याला ऐकवली होती. चार पावत्या, चार विमे.

आता ही लबाडी आहे की शहाणपण, यावर आम्ही दोन चहा वाद घातला. दोन्ही नव्हतं, ती चूक होती.

चूक सापडली ती थोरल्या सुनेला, संगिताला. ती बचत गटाची सचिव. गटाच्या बायांना हिंगोलीला प्रशिक्षणाला नेलं होतं. तिथं एका साहेबांनी ठेवींचा विमा समजावून सांगितला. बाकीच्या बाया जेवणाच्या डब्याची वाट बघत होत्या, संगितानं हात वर करून घरचाच प्रश्न विचारला. आणि उत्तर ऐकून तिचं जेवणावरचं मन उडालं.

घरी हळद शिजवणं चाललं होतं. अंगणात उकडलेली हळद पसरता पसरता तिनं सासूला सांगितलं. ती बोलली गोरबोलीत, तांड्याच्या भाषेत. मी तुम्हाला आपल्या मराठीत सांगतो. बँक बुडाली तर विमावाले पावत्या मोजत नाहीत, माणसं मोजतात. तीच नावं त्याच क्रमानं चार पावत्यांवर असली की चारीची एक मोळी बांधतात आणि त्या मोळीला मिळून पाच लाख देतात. शाखा दोन असोत का दहा, बँक एकच धरतात. आणि त्या पाचात व्याजही आलं.

"म्हंजी वीसातले पाच आपले," संगिता म्हणाली, "बाकीचे बँकेच्या नशिबाचे."

जिवनबाईनं हातातली हळद खाली ठेवली. तिचं असं होण्याला कारण होतं. तिचा भाऊ हरिचंद, नरसीकडं राहतो. त्यानं बैलजोडी विकून आलेले पैसे मागं एका पतसंस्थेत ठेवले होते. पतसंस्थेला हा विमा लागूच नसतो, हे त्याला शटर पडल्यावर कळलं. हरिचंद अजूनही बस त्या शटरपुढून गेली की मान वळवून बघतो, जसा कोणी मेलेल्या माणसाच्या घराकडं बघतो. त्या वर्षी राखीला बहिणीला द्यायला त्याच्याकडं चोळीचा खण नव्हता, आणि तिनं माझ्याकडून खण घेऊन त्याचा म्हणून तांड्यात मिरवला होता. हे मला माहीत आहे, कारण मीच तिला तो उधार दिला होता.

तर जिवनबाईनं विचारलं, मग करायचं काय? संगितानं तेही विचारून आणलं होतं. नावं बदलली, नुसता नावांचा क्रम बदलला, तरी विमावाले वेगळी मोळी धरतात. वसराम एकटा, ही एक. वसराम-प्रेमदास, ही दुसरी. वसराम-जिवनबाई, ही तिसरी. आणि जिवनबाई-वसराम, हीच दोन माणसं उलटी, ही चौथी. प्रत्येकीला आपले आपले पाच लाख. एकेकीत साडेचार ठेवले की वर्षाचं व्याज धरूनही पाचाच्या आत. उरतील ते पोस्टात, तिथं सरकारच उभं आहे. होळीनंतर चारही पावत्यांची मुदत संपत होती. तेव्हा गेलं तर नुकसान न होता सगळं नव्यानं मांडता येत होतं. न गेलं तर त्या होत्या तशाच आपोआप पुढं सरकणार होत्या.

जिवनबाईनं चारी मोळ्या बोटांवर मोजल्या. मग म्हणाली, "ते चौथं परत सांग."

संगितानं परत सांगितलं. जिवनबाई, मग वसराम. म्हातारी पुन्हा हळद पसरायला लागली, पण संगिता म्हणते, त्या दिवशी अंगणात हळद एवढी सारखी पसरली होती की चादर वाटावी.

रात्री जेवताना वसरामला सांगितलं. तीन पावत्यांपर्यंत त्यानं मान डोलावली. चौथी ऐकली आणि भाकरीचा घास तसाच हातात राहिला. नाईकाच्या आधी नाईकणीचं नाव? त्याच्या मते हे म्हणजे वरातीत घोड्यावर नवरदेवाच्या पुढं करवली बसवण्यासारखं होतं. तो म्हणाला, विचार करतो. वसराम विचार करतो म्हणाला की समजायचं, तो पळवाट शोधायला निघाला.

पहिली पळवाट वारसाची. दुसऱ्या दिवशी तो बँकेत गेला, खुर्चीत बसला, चहा घेतला, आणि म्हणाला, पावतीवर नाव माझं राहू द्या, वारस म्हणून घरातल्या सगळ्यांची एकेक नावं लावा. व्यंकटराव बिचारे नम्रपणे म्हणाले, वारस लावणं चांगलं, जरूर लावा, पण विमा ठेवीदार मोजतो, वारस मोजत नाही. संगिता बोलली ते अक्षर न् अक्षर बराबर आहे. त्यांनी असंही सांगितलं की बँकेला काही झालेलं नाही, होणारही नाही; पण त्यांच्या स्वतःच्या घरच्या पावत्याही त्यांनी अशाच क्रम फिरवून केल्यात. आता मॅनेजरच्या बायकोचं नाव मॅनेजरच्या आधी, हे ऐकून वसरामला चहा कडू लागला.

दुसरी पळवाट दुसऱ्या बँकेची. खरं म्हणजे ही वाट चांगली होती. वेगळ्या बँकेत ठेवलं की तिथं पुन्हा नव्यानं पाच लाखांचा विमा, आणि नावही त्याचंच पहिलं राहिलं असतं. जिवनबाई म्हणाली, जा, बघून या. तिला नवरा माहीत होता. वसराम इस्त्रीचं धोतर नेसून हिंगोलीच्या एका मोठ्या बँकेत गेला. दारातल्या यंत्रानं त्याला चिठ्ठी दिली: त्रेसष्ट नंबर. तो लोखंडी बाकावर कोपऱ्यात बसला. वरून एक बाई, तीही यंत्रातली, हिंदीत नंबर पुकारत होती. त्रेसष्टच्या आधी बासष्ट माणसं. तासभर कोणी त्याला नाईक म्हटलं नाही, कोणी खुर्ची ओढली नाही, आणि शेवटी काचेमागच्या पोरीनं नाव काय असं विचारलं. तांड्यात त्याला नाव विचारणारा माणूस अजून जन्मायचा होता. तो चिठ्ठी तिथंच ठेवून निघून आला आणि घरी सांगितलं, तिथं व्याज कमी हाये.

मी त्याला बाकड्यावर बसवलं आणि विचारलं, "नाईक, व्याज कमी हाये का चहा?"

तो म्हणाला, तुमचं दुकान बंद पाडीन. दर आठवड्याला पाडतो.

मग होळी आली. एक गोष्ट मी इथं मुद्दाम सांगतो, कारण तिच्यातून जिवनबाई कळते. तांड्यातल्या बायांना सगळं कळलं होतं. बायांना कळतं ते कसं, हे मला विचारू नका, दोरे माझ्या दुकानातूनच जातात. लेंगी गाणाऱ्या टोळीतल्या दोघी-तिघी म्हणाल्या, याडी, या वर्षी आमी तुमच्या दारात शेवटी येतो, बघू नाईक काय करतो. याडी म्हणजे आई. सगळा तांडा तिला तेच म्हणतो. ती म्हणाली, न्हाई. नाईकाच्या दारात पहिले या, दरसालसारखं. मान मोडायचा न्हाई. मला त्याची जागा नको, माही पाहिजे. टोळी पहिली त्याच्याच दारात आली, दणकून नाचली, आणि वसरामला वाटलं, आपण जिंकलो.

त्या आनंदातच त्याला तिसरी पळवाट सुचली, आणि कबूल केलं पाहिजे की ती पक्की होती. व्यंकटरावांनीही चालेल म्हणून सांगितलं होतं. पहिलं नाव सगळीकडं वसरामचंच ठेवायचं, फक्त मागचं माणूस बदलायचं. वसराम एकटा, वसराम आणि थोरला प्रेमदास, वसराम आणि धाकटा मुलगा दिपक, वसराम आणि सून संगिता. झाल्या चार मोळ्या, विमा पुरा, मानही पुरा, आणि जिवनबाईचं नाव कुठंच नाही. तो एवढा खूश झाला की माझ्याकडून त्यानं पहिल्यांदाच पैसे देऊन काही विकत घेतलं: एक कंगवा.

मुदतीच्या दिवशी सकाळी धाकट्या दिपकची जीप दारात उभी होती. दिपक हिंगोली-कनेरगाव जीप चालवतो, त्या दिवशी त्यानं घरच्यांसाठी फेरी राखून ठेवली होती. वसराम कंगवा फिरवून, फेटा बांधून बाहेर आला. त्यानं दिपकला म्हटलं, चल, तुझी सही लागते. दिपक बोनेटवर फडकं मारत म्हणाला की त्याची सही दर वेळी वेगळी येते, बँकेत गडबड व्हईल. वसराम संगिताकडं वळला. संगितानं पदर सारखा केला आणि म्हणाली, सासऱ्याच्या मागं सुनेचं नाव बरं दिसत न्हाई, याडीचं नाव असताना. प्रेमदासनं विचारायच्या आधीच सांगितलं की तो एका पावतीवर आहे, तेवढं बास, दुसऱ्या कशावर विचारू नका.

वसरामनं बायकोकडं बघितलं. ती चुलीजवळ बसून दूध ओतत होती, घरात काही चाललंय याची जणू तिला खबरच नाही.

"हे तू शिकवलं," तो म्हणाला.

"व्हय."

"काहून?"

ती उठली नाही, आवाजही चढवला नाही. दूध ओतून झाल्यावर म्हणाली, "नाईक, तुमाला पयलं व्हायचं तर मागं कोनी तरी उभं राहावं लागतं. इतकी सालं आमी राहिलो. आज मागं कोनीच न्हाई, तर बघा, पयले कसे होता."

दिपकचं फडकं थांबलं. वसराम म्हणाला की लोक काय म्हणतील, नाईकणीचं नाव वर आणि नाईकाचं खाली.

"लोक पावती वाचत न्हाईत. बँकच वाचते. आन बँक बुडाली तर त्याच उलट्या नावाला पैसे भेटतेत, तुमच्या सुलट्याला न्हाई." मग तिनं पहिल्यांदा त्याच्याकडं बघितलं. "एका पावतीवर मी तुमच्या मागं सही करते, खुशीनं करते. एका पावतीवर तुमी माह्या मागं करा. गोटे मी येचले होते. हरिचंदसारखं मला शटर बघत बसायचं न्हाई."

वसराम जीपमध्ये जाऊन बसला. पुढच्या सीटवर, अर्थात. दिपकनं गाडी सुरू केली नाही. हातपंपावर पाणी भरायला आलेल्या बायांचे हंडे कधीचे भरून वाहत होते, तरी एकही बाई जागची हलेना. मग नाईक खिडकीतून बाहेर बघत म्हणाला, "बसा आता. बँक काय तुमच्यासाठी उघडी ठेवतेत का."

जिवनबाई, संगिता आणि प्रेमदास मागं बसले. नाक्यावर गाडी माझ्या दुकानापुढं क्षणभर थांबली. वसरामनं मान दुसरीकडं वळवली होती, आणि जिवनबाईनं मला नुसती भुवई उचलून दाखवली. मी त्या दिवशी दुकान बंद करून जीपच्या मागच्या फळीवर चढलो. मला हिंगोलीला काम होतं, असं मी सांगितलं. काय काम, ते अजून सुचलेलं नाही.

आरशाच्या बँकेत व्यंकटरावांनी खुर्ची ओढली, चहा आला, सह्या झाल्या. जिवनबाई साक्षरता वर्गात नाव लिहायला शिकली होती. तिचं 'जि' नेहमी मोठं होतं आणि 'बाई'ला जागा कमी पडते. पावत्या तयार होईपर्यंत सगळे बाहेर बाकावर बसले. शिपायानं पुकारलं, वसराम राठोड. नाईक उठला, ऐटीत गेला, पावती घेऊन आला. पुन्हा वसराम राठोड. पुन्हा उठला. तिसऱ्यांदा तर उठताना त्यानं आजूबाजूला बघूनही घेतलं, सगळ्यांनी ऐकलं ना म्हणून. चौथ्यांदा शिपाई म्हणाला, "जिवनबाई राठोड."

वसराम सवयीनं अर्धा उठला होता. पण जिवनबाई जागची हलली नाही. शिपायानं पुन्हा पुकारलं. तिनं संगिताला विचारलं, "कोन जिवनबाई? तिला जाऊ दे आधी."

संगिता हसायला लागली. हसता हसता तिचे डोळे भरले, म्हणून तिनं तोंड फिरवलं. वसराम अर्धा उठलेला तसाच उभा होता. तो म्हणाला, "अवो, तूच. जा." आणि खाली बसला. मी त्याला इतकी वर्षं ओळखतो. कोणासाठी उठून पुन्हा बसताना मी त्याला पहिल्यांदाच बघितलं. आत जाताना जिवनबाई दारातल्या त्या मोठ्या आरशापुढं थांबली. या वेळी पाठीमागं कोण आहे ते तिनं बघितलं नाही.

आता एवढ्यावर गोष्ट संपली असती तर वसराम बिचारा हरला असं झालं असतं, आणि हरलेला वसराम मला चालत नाही. मग मी कोणाची थट्टा करणार?

त्याच वर्षी पावसाळ्याच्या शेवटी एक दिवस हिंगोलीत बोभाटा उठला की आरशाची बँक बंद पडली. नाक्यावरून जीपा भरभरून गेल्या. बँकेपुढं हीऽ गर्दी. बोभाट्याचं कारण काय, तर दारातला आरसा नाही. ज्यानं सकाळी सकाळी रिकामी चौकट बघितली, त्यानं पुढच्याला सांगितलं की सामान हलवून राहिले. खरं असं होतं की आरशाची कड काळी पडली होती, म्हणून व्यंकटरावांनी तो कलई करायला नांदेडला पाठवला होता. पण गर्दीला हे सांगणार कोण? व्यंकटरावांनी तोंड उघडलं की लोक म्हणायचे, बघा, घाबरलाय.

तेव्हा पायरीवर वसराम नाईक चढला. मी बघत होतो. छाती पुढं, फेटा ताठ. तो गर्दीला शांतपणे म्हणाला की माझे साडेचार-साडेचारचे चार भाग इथंच आहेत आणि मी घरी जेवून, झोप काढून आलोय. मग त्यानं सगळं समजावलं: पावत्या मोजत न्हाईत, नावं मोजतेत, तीच नावं असली तर शाखा बदलून भागत न्हाई, व्याज धरून पाचाच्या आत ठेवा, पतसंस्थेला विमा न्हाई, तिथं इच्यार करून ठेवा, आणि बँकेवर बंदी आलीच, तर तीनएक महिन्यांत विम्याचे पैसे देतेत. गर्दीतल्या एकानं विचारलं, पण नावं फिरवायची म्हणजे कशी? वसरामनं फेटा सारखा केला. आणि म्हणाला, "कुठं आपलं नाव आधी, कुठं बायकोचं. त्यात लाजायचं काय? शहाण्या घरात असंच राहतं."

दिपकच्या जीपमध्ये बसून कागदातली भजी खात असलेल्या जिवनबाईला ठसका लागला.

तेव्हापासून ही युक्ती तांड्यात, नाक्यावर, गोरेगावच्या बाजारापर्यंत 'नाईकाची युक्ती' म्हणून चालते. मी एकदा तिला म्हटलं, याचं तुला काही वाटत नाही? ती आरसे निवडत म्हणाली, "युक्ती त्यांची राहू द्या. पावती माही हाये." आणि दोन आरसे कनवटीला लावले.

या वर्षी दिपकला दुसरी जीप घ्यायची होती. पैसे कमी पडत होते, एक पावती मोडायची ठरली. घरातले सगळे ओसरीवर बसले होते, मीही होतो, कारण मी असतोच. वसराम घसा खाकरून म्हणाला की ती चौथी मोडू, उलटी आहे ती, मागची आहे.

जिवनबाई म्हणाली, "असं कसं? होळीला पयले कोनाच्या दारात येतेत?"

"माह्या."

"पंगतीत पयलं पान?"

"माहं."

"मग मोडायची पयली पावती कोनाची?"

प्रेमदासनं तोंडावर रुमाल धरला. वसरामनं माझ्याकडं बघितलं; मी छपराकडं. नाईकाचा मान कुठंच मोडता येत नाही, आणि तो मोडू द्यायला ती तयार नव्हती. दुसऱ्या दिवशी इस्त्रीचं धोतर नेसून, कंगवा फिरवून वसराम हिंगोलीला गेला. खुर्चीत बसला, चहा घेतला, आणि ज्या पावतीवर त्याचं एकट्याचं नाव होतं, ती त्यानं मोठ्या रुबाबात मोडून आणली.

जिवनबाईच्या पावतीला अजून कोणी हात लावलेला नाही. तिची पाळी शेवटी येते.